बिनपट्टीचा सिगार, पाचव्या वर्षी

पेटीतून सिगार काढला की मी आधी त्याच्यावरचा सेलोफेनचा कागद बघतो. पाच वर्षांपूर्वी तो काचेसारखा नितळ होता. आता उजेडासमोर धरला तर फिकट मधाचा रंग दिसतो, आणि पानाची एक शिर इतकी वर्षं जिथे टेकून होती तिथे केसाएवढी तपकिरी रेघ उमटली आहे. सेलोफेन दिसायला प्लास्टिकसारखं असलं तरी ते लाकडातल्या सेल्युलोजपासून केलेलं असतं, त्यामुळे त्यातून ओल ये-जा करते आणि पानातलं तेल हळूहळू त्याच्यात मुरतं. कागद सोलला तेव्हा तो कुरकुरलाही नाही, नुसता सैल होऊन हातात आला. नाकाशी नेला. तंबाखूचा वास सिगारपेक्षा त्या कागदालाच जास्त येत होता.

हा सिगार कोणत्या नावाचा, ते मला सांगता येणार नाही, कारण त्याला पट्टीच, म्हणजे नाव छापलेली कागदी कडीच, नाही. कारखान्यात सिगार वळून झाले की रंगाप्रमाणे त्यांची निवड होते. एका खोक्यात शेजारी शेजारी बसणारे सगळे एकाच छटेचे दिसायला हवेत. एखादा जरा गडद निघाला, एखाद्यावर हिरवट ठिपका राहिला, एखाद्याची शिर जाड आली, की तो बाजूला पडतो. बाजूला पडलेल्यांना पट्टी न लावता वीस-पंचवीसच्या जुडीत बांधतात आणि कमी दरात विकतात. धंद्यात त्यांना ‘सेकंड्स’ म्हणतात, ओढणारे नुसतं ‘बंडल’ म्हणतात. आतली तंबाखू बऱ्याचदा पट्टीवाल्या भावंडांचीच असते. माझ्या जुडीवरच्या चिठ्ठीत एवढंच होतं: आतली पानं डॉमिनिकन रिपब्लिकची, वरचं पान इक्वेडोरमध्ये पिकवलेलं, अमेरिकेतल्या कनेटिकटच्या बियाण्याचं, आकार रोबुस्तो, चव सौम्य. रोबुस्तो म्हणजे साधारण पाच इंच लांब आणि ५० रिंग गेज. रिंग गेज इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे जाडी झाली सुमारे २० मिलिमीटर. अंगठा आणि तर्जनीत नीट मावतो असा.

(आपल्या जुन्या लिखाणात सगळ्यालाच सरसकट चिरूट म्हटलेलं सापडतं. काटेकोर बोलायचं तर चिरूट दोन्ही टोकांना सपाट कापलेला असतो. सिगारचं डोकं पानाच्या टोपीने बंद केलेलं असतं, आणि ते ओढणाऱ्याने स्वतः कापायचं असतं.)

‘सौम्य’ या शब्दाबद्दल मला बरंच बोलायचं आहे. कारण तो शब्द ऐकला की जाणकार म्हणवणारे लोक सिगार खाली ठेवतात.

तंबाखूच्या एकाच झाडावर तीन जातींची पानं मिळतात. बुडाशी असतात ती व्होलाडो, चवीला हलकी पण झटकन पेटणारी. मधली सेको, सुगंध बहुतेक त्यांचाच. शेंड्याकडची लिगेरो, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी. सौम्य सिगारच्या पोटात लिगेरो नावापुरती असते किंवा नसतेच. रॅपरचं, म्हणजे अगदी वरच्या पानाचं, तंत्र याच्याही पुढचं. त्याला थेट ऊन लागूच द्यायचं नसतं. कनेटिकट नदीच्या खोऱ्यात १९०० च्या सुमाराला शेतंच्या शेतं कापडाच्या मांडवाखाली घ्यायला सुरुवात झाली, ती सुमात्राहून येणाऱ्या तलम पानाला टक्कर द्यायला. सावलीत पान पातळ होतं, त्याच्या शिरा बारीक राहतात, रंग फिकट तांबूस येतो. इक्वेडोरमध्ये तेच बियाणं लावतात, पण तिथे मांडव लागत नाही. अँडीजच्या अंगाला अडकून राहिलेले ढगच सावली धरतात. म्हणजे सौम्यपणा आपोआप आलेला नसतो. तो पिकवावा लागतो, आणि त्यासाठी जेवढे कष्ट पडतात तेवढे कडक पानालाही पडत नसतील असं मला वाटतं.

माझा एक मित्र फक्त कडक सिगार ओढतो. ही जुडी मी मुरवायला ठेवतोय हे ऐकून तो म्हणाला, “अरे, त्याच्यात आहे काय मुरायला? वर्षभरात पाणी होईल त्याचं.” सिगार ओढणाऱ्यांत हे मत चांगलंच रुजलेलं आहे: कडक असेल तो ठेवावा, सौम्य असेल तो लगेच ओढावा. मला ते खोडून काढायचं नव्हतं, पण माझ्या जिभेने बघायचं होतं. म्हणून वीस सिगारांची जुडी ठेवली, एक वही केली आणि ठरवलं की दर वर्षी एक-दोन काढायचे आणि जे वाटेल ते त्याच दिवशी लिहायचं.

पहिली नोंद ताज्या सिगारची आहे. ती आज वाचतानाही घसा खवखवतो. “पेटवताच अमोनियाचा दर्प. जिभेच्या टोकाला झोंबतं. ओलं गवत. निम्म्यावर कडू. टाकला.” पहिल्या तिन्ही सिगारांची तीच तऱ्हा. यात वळणाऱ्याचा काही दोष नव्हता. पानं वाळवून झाली की ती ओलसर करून मोठ्या ढिगात रचतात. ढीग आतून तापतो, पुन्हा पुन्हा उलथून रचतात, आणि त्या उबेत पान आंबतं. त्यातून अमोनिया सुटतो. एकदा हे झालं तरी सिगार वळण्यासाठी पानाला परत ओल द्यावी लागते, आणि ती ओल मिळाली की उरलेला अमोनिया पुन्हा डोकं वर काढतो. चांगल्या कारखान्यात वळलेले सिगार म्हणून महिनोन्‌महिने खोलीत नुसते पडून असतात. स्वस्त जुडीला तेवढा आराम मिळेलच याची खात्री नसते. तो आराम आपण द्यायचा.

वर्षाने लिहिलंय: “दर्प गेला. अजून कोरडा. शेवटाला मिरी.” दोन ओढले, दोन्हींचं तेच.

दुसऱ्या वर्षाची नोंद मोठी आहे, आणि ती चवीची नाही.

सिगारला राहायला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि साधारण १८ ते २१ अंश तापमान लागतं. हवा कोरडी झाली तर रॅपर तडकतं, फार दमट झाली तर बुरशी धरते, आणि चोविसाच्या वर ऊब गेली तर पानात आधीपासून असलेली तंबाखूच्या किड्याची अंडी उबायची भीती. माझ्या पेटीत आर्द्रतामापक होता आणि तो इमानाने ६९ दाखवत होता. मी रोज बघायचो, समाधानाने झाकण लावायचो. एका संध्याकाळी वरच्या थरातला एक सिगार उचलला तर त्याच्या पायथ्याशी, म्हणजे जे टोक पेटवतात तिथे, राखाडी-हिरवी लव. पानातलं तेल वर येऊन पांढरी भुकटी बसते म्हणतात, तिला ‘प्लूम’ असं कौतुकाचं नाव आहे. मला त्या घटकेला मनापासून वाटून घ्यायचं होतं की हे तेच असावं. भिंग घेतलं. भिंगाखाली तंतू दिसले, प्रत्येक तंतूच्या टोकाला बारीक दाणा. पुसल्यावर खाली डाग राहिला. पाच सिगार गेले. ते टाकताना हात जड झाला होता, ते स्वस्त होते म्हणून काही हलका झाला नाही.

मापक तपासायची एक जुनी, साधी रीत आहे, आणि ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं. त्यावर पाण्याचे काही थेंब सोडायचे, मीठ विरघळू न देता नुसतं चिखलासारखं ओलं होईल इतपत. मग ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एक दिवस ठेवायचे. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा स्वभावच आहे. माझा मापक दुसऱ्या दिवशी ६६ दाखवत होता. नऊने खाली. म्हणजे इतके महिने पेटीत ६९ नव्हते, ७८ होते. त्या दिवसापासून मापकाच्या पाठीवर चिकटपट्टीवर ‘+९’ लिहिलेलं आहे, आणि दर सहा महिन्यांनी मिठाची पिशवी निघते. पेटी मात्र निर्दोष होती. आतून स्पॅनिश सीडरची. नाव काही असो, हे झाड अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं आणि कडुनिंब-मॅहोगनीच्या कुळातलं आहे. ते ओल शोषतं, पुन्हा सोडतं आणि तंबाखूला स्वतःचा थोडा वास देतं. पंधरा दिवस झाकण मधूनमधून उघडं ठेवलं, आतून कोरडं पुसलं, तेव्हा ती पूर्वपदावर आली. त्या वर्षी एकच सिगार ओढला. त्याची नोंद मी करू शकलो नाही. दमट सिगार नीट जळत नाही, तीनदा विझला.

आणि मग तिसरं वर्ष. “बदाम. साय. कुठेच कडू नाही. बोटं भाजेपर्यंत ओढला.” खाली दुसऱ्या शाईत: “दुसराही तसाच. योगायोग नव्हे.”

त्या दोन संध्याकाळींमुळेच हा लेख लिहायला बसलो. पाच वर्षं वही भरल्यावर एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे: मुरताना सिगारमध्ये नवं असं फार थोडं येतं. काळ त्याच्यातून काढून घेतो. आधी अमोनिया नेतो, मग कच्चेपणा, मग झोंबरी मिरी. प्रत्येक वेळी काही गेलं की त्याच्याखाली झाकलेलं वर येतं. बदाम पहिल्या दिवसापासून तिथे होता, तो दर्पाखाली दबला होता. कडक सिगारपाशी द्यायला पुष्कळ असतं, म्हणून तो दहा दहा वर्षं देत बसतो. सौम्याचा साठा लहान. त्यामुळे मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. सौम्य सिगार मुरतो, आणि फार सुंदर मुरतो, पण त्याचा दिवस लवकर येतो आणि लवकर जातो.

आजचा सिगार हातात घेऊन बसलो तेव्हा हे डोक्यात होतंच.

दाबून पाहिला. चिमटीत किंचित दबतो, लगेच वर येतो, ओल बरोबर. रॅपरवर हात फिरवला तर रेशमासारखं, तेल जवळजवळ नाही. टोपीच्या रेषेच्या वरच कापलं, कारण खाली गेलं की पान उलगडायला लागतं. न पेटवता एक झुरका ओढून पाहिला. पेटीच्या लाकडाचा वास आणि वाळलेलं गवत, अगदी स्वच्छ. श्वास आत ओढायला जड नाही, रिकामाही नाही. स्वस्त जुडीत दहातला एखादा इतका घट्ट वळलेला निघतो की गाल दुखतात. हा तसा नव्हता.

पेटवताना मी घाई करत नाही. काडीचं गंधक जळून जाऊ देतो, मग ज्वाळा पायथ्याच्या खाली धरून सिगार फिरवत राहतो. ज्वाळेने शिवायचं नाही, नुसती धग लागू द्यायची. कडा काळी पडते, मग राखाडी, मग सगळीकडून सारखी लाल. तेव्हाच पहिला झुरका.

पहिला एक-तृतीयांश हिस्सा शांत. गवत, मागून साय, जिभेवर हलका गोडवा. धूर दाट पण मऊ. धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो. त्यातला थोडा नाकावाटे सोडला की खरी चव कळते, कारण जिभेला मोजक्याच चवी कळतात, बाकी सगळं नाकाचं काम. ताज्या सिगारचा धूर नाकातून सोडला होता तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं होतं. आज नुसती ऊब जाणवली आणि तिच्या टोकाला, शोधली तर सापडेल इतकी, पांढरी मिरी.

राख फिकट राखाडी, एकावर एक वळ्या असलेली, इंचभर टिकली. मग झटकायच्या आधीच एका तुकड्यात रक्षापात्रात पडली. खाली निखाऱ्याचं टोक बोथट शंकूसारखं होतं. सिगार सारखा जळतोय याची ती खूण. एका बाजूने जरा मागे राहिला होता. मी काही केलं नाही, मागची बाजू खाली करून धरला आणि दोन मिनिटांत त्याने स्वतःला सावरलं.

मधल्या भागासाठी मी दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळीची आठवण घेऊनच बसलो होतो. बदामाची वाट बघत होतो. सौम्य सिगारला वाट बघावीच लागते. भराभर ओढला की निखारा तापतो, आणि तापला की सौम्य पानाचं सगळं बळ कडूपणात जातं. कडक सिगार घाई खपवून घेतो, याला ती सोसत नाही. मिनिटाला एक झुरका, कधी त्याहूनही सावकाश. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात चव तोंडात बदलत जाते, आणि माझ्या मते सौम्य सिगार खरा तिथेच असतो. धूर गेल्यावर काय उरतं ते बघायचं. आज उरलं ते वाळलेलं लाकूड, साय, आणि खूप उशिरा, तिसऱ्या-चौथ्या श्वासाला, बदामाच्या सालीची किंचित तुरट आठवण. बदाम नव्हे. साल.

मी सिगार खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसलो. मनाला लागलं. दोन वर्षांपूर्वी उरलेले सगळे ओढून टाकले असते तर त्यातल्या प्रत्येकात तो बदाम मिळाला असता. चौथ्या वर्षाच्या नोंदीत “बदाम जरा मागे” असं मीच लिहिलं होतं, दोनदा, आणि तरी थांबलो. आणखी चांगला होईल असं वाटत राहिलं.

पण जे उरलं होतं त्याचाही न्याय करायला हवा. पाणी झालं नव्हतं. साय इतकी निवळ मला आधी कधी मिळाली नव्हती. धुराला एक गोलाई होती, कुठेही टोक नाही, कोपरा नाही. शेवटच्या हिश्श्यात, जिथे स्वस्त सिगार हमखास बिघडतो, तिथे कॉफीच्या करपट दाण्याची हलकी छटा आली आणि कडू न होता गेली. ५५ मिनिटं चालला. एकदाही परत पेटवावा लागला नाही.

सिगारला गुण देणारे लोक आहेत. ‘सिगार अफिशिओनाडो’ हे अमेरिकन मासिक १९९२ मध्ये सुरू झालं आणि शंभरपैकी गुण द्यायची पद्धत त्याने लोकांच्या अंगवळणी पाडली. पट्टी झाकून चव घेतात, ते मला मान्यच आहे. माझा तर सिगारच बिनपट्टीचा. पण एका बैठकीत बरेच सिगार ओढून एकेकाला आकडा द्यायचा म्हटलं की जो जिभेवर धडकतो तो पुढे जातो, आणि जो मागे उभा राहून बोलतो तो मागेच राहतो. म्हणून सौम्य सिगारचा आकडा मी फारसा मानत नाही. त्याला एक अख्खी संध्याकाळ द्यावी, त्या दिवशी दुसरा पेटवू नये, आणि जेवणानंतर लगेच बसू नये, तोंड कोरं असताना बसावं.

आणखी एक सांगायलाच हवं. सौम्य हा शब्द चवीचा आहे, शरीराला तो लागू नाही. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र ग्रंथच काढला. तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारचं नातं त्यात स्पष्ट मांडलं आहे. मुरवल्याने हे काही कमी होत नाही. वर्षाला एक-दोन हा माझा हिशेब चवीसाठी जेवढा आहे तेवढाच यासाठीही. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

थोटूक दोन बोटं उरलं तेव्हा ठेवून दिलं. सिगार चिरडून विझवू नये, चिरडला की वास उग्र होतो. नुसता ठेवला की आपला आपण विझतो. तो विझेपर्यंत मी वहीत लिहिलं: “पाचवं वर्ष. साय, लाकूड, गवत. बदामाची साल. कडू नाही. फार गोल. तिसऱ्या वर्षी ओढायला हवे होते.”

मग पेटी उघडली. चार उरलेत. वही बघून एरवी मी पुढच्या वर्षाची तारीख टाकतो, या वेळी टाकली नाही. त्यातला एक त्या मित्रासाठी वेगळा काढला, त्याच्या पिवळ्या कागदासकट. त्याला मी दोन दिवसांनी बोलावलंय. “कडक काही आणू नकोस,” एवढंच सांगितलंय.